याकोबकाकांची पाळी

२७ जानेवारी, मंगळवार. त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली होती आणि सकाळपासून अंगणात बसून वाळू काढत होते. आमच्या महिला बचत गटाची कोकणची सहल आदल्या दिवशी परत आली होती. आठ बायका, तीन दिवस, आणि माझ्या एकटीच्या सामानातून निघालेली वाळू परातीत गोळा केली तर न्हाणीचा गिलावा व्हावा एवढी. साड्यांच्या निऱ्यांत वाळू, चार्जरच्या भोकात वाळू, चिवड्याच्या रिकाम्या डब्यात वाळू. मी प्रत्येक पिशवी उलटी करून झटकत होते आणि वाळूला शिव्या देत होते. वाळूला शिव्या देणं सोपं असतं. ती उलटून काही विचारत नाही.

विचारायला याकोबकाका येणार होते, हे मला माहीत होतं.

याकोबकाकांविषयी सांगायचं तर फळ्यापासून सुरुवात करावी लागेल. आमचं गाव नेवासे तालुक्यात, सोनईपासून थोडं आत. समुद्र इथून तीनशे किलोमीटर, आणि मध्ये अख्खा सह्याद्री. तरीही चर्चच्या मागच्या गल्लीत याकोब गायकवाड, निवृत्त कालवा निरीक्षक, यांच्या दाराशेजारी एक काळा फळा टांगलेला आहे. शाळेने मोडीत काढलेला तो फळा मीच त्यांना मिळवून दिला. मी शाळेत क्लार्क आहे, मोडीच्या याद्या माझ्याकडे असतात. त्या फळ्यावर रोज सकाळी सातच्या आत खडूने लिहिलेलं असतं : 'समुद्र. आवर्तन पहिले, फुल्ल ११.४०. आवर्तन दुसरे, फुल्ल रात्री १२.०५.'

आवर्तन म्हणजे धरणातून कालव्याला पाणी सुटण्याची फेरी. आमच्याकडे पोरं आधी 'आवर्तन' शिकतात आणि मग 'आई' म्हणतात. पण समुद्राच्या भरतीला आवर्तन म्हणणारा माणूस सगळ्या किनाऱ्यावर दुसरा नसेल, आणि हा तर किनाऱ्यावरही नाही.

येणारेजाणारे थट्टा करतात. दूध घालायला जाणारा एखादा मोटरसायकल थांबवून विचारतो, "काका, आज पानी किती वाजता हाय? म्हशी धुवायला न्याव्या म्हन्तो."

"अकरा चाळीसला फुल्ल," काका गंभीरपणे सांगतात. "पन म्हशीला आधी पोहायला शिकव. हेडचं पानी हाय ते."

हेड आणि टेल ही काकांची जगाकडे बघायची पद्धत. कालव्याचं तोंड ते हेड, शेवट तो टेल. हेडवाल्याला पाणी मिळतं, टेलवाल्याला आश्वासन. काकांच्या मते समुद्र हा सगळ्या पाण्याचा हेड आहे. "ढग हेडवरून निगतो. सह्याद्रीवाले डोंगळे टाकून बसल्यात. मधल्या मधी सगळं वडून घेत्यात. आपुन नेवाशेवाले टेलला." डोंगळा म्हणजे कालव्यात चोरून टाकलेला पाइप. नोकरीच्या पस्तीस वर्षांत काकांनी इतके डोंगळे उपसून काढले होते, की भंडारदऱ्याला चार महिने कोसळणारा पाऊसही त्यांना चोरीचाच वाटायचा.

पाटबंधारे खात्यात ते पाटकरी म्हणून लागले, म्हणजे कालव्याची दारं उघडायची आणि बंद करायची. पुढे निरीक्षक झाले. खात्यात का गेलात, असं मी त्यांना एकदा सहज विचारलं होतं. मी तेव्हा बिलं लावत होते. ते म्हणाले, "माझ्या बापाला गावच्या आडावर चढू देत नव्हते, ताई. वरून कोनी वाढलं तर पानी. पाटाचं तसं न्हाई. पाटाचं पानी नंबरानं. ज्याची पाळी त्याचं पानी. पाळीपुढं पाटील बी गप्प."

मी "हं" म्हणाले आणि पुढचं बिल लावलं.

तर असा माणूस समुद्राच्या नादी कसा लागला? खात्याच्या रजेच्या सवलतीत ते आणि रूथकाकू एकदा गुहागरला गेले आणि मग दर वर्षी नाताळ झाला की कोकणात जाऊ लागले. हरिहरेश्वर, दिवेआगर, मालवण. लोक जातात ते मासे खायला आणि पाण्यात भिजायला. काका जायचे विहिरी मोजायला. समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर असते किंवा टाकं असतं, या एका गोष्टीने त्यांना वेड लावलं होतं. चारी बाजूंनी खारं आणि मध्ये गोडं. काका दोरीला गाठी मारून खोली मोजायचे आणि रूथकाकू काठावर उभ्या राहून वहीत लिहायच्या. "आधी पानी, मंग कहानी," हे त्यांचं पालुपद. कुठल्याही किल्ल्याचा इतिहास ते पाण्यापासून सांगतात. कोण राजा, कोण सरदार, किती तोफा, हे शेवटी, वेळ उरला तर.

"वेढा पडला ना ताई, की तोफा नंतर. आधी टाक्यावर मानूस बसवायचा, काठी घेऊन. सगळ्यांना पाळी. सरदाराला बी एक घागर, झाडूवाल्याला बी एक घागर. कोन कुठला इचारायला सवड न्हाई. इचारत बसले तर सगळेच मरतेत."

गावात कोणीही कोकणात निघालं की आधी काकांकडे जातं. ते आपल्या हाताने आखलेला अर्ज भरून घेतात. त्याला ते 'सात नंबर' म्हणतात, कारण कालव्याच्या पाण्याची मागणी सात नंबरच्या अर्जावर करायची असते. त्यात माणसं किती, गुडघेदुखी कोणाला, मासे कोण खात नाही, असे रकाने. मग ते पूर्ण बेत लिहून देतात : किती वाजता निघायचं, कुठल्या घाटात कोणाला ओकारी होणार, वाळूत किती वाजता चालता येईल, कुठल्या देवळामागे तोफ पडली आहे. आणि शेवटच्या ओळीत : 'पाणी बघितल्याशिवाय किल्ल्यातून निघू नये.' लोक जाऊन येतात. पाणी कोणी बघत नाही. येताना काकांना काजूचं पाकीट आणतात आणि सांगतात की बेत झकास झाला. काका काजू ठेवून घेतात आणि विचारतात, "टाकं?" लोक म्हणतात, "भारी व्हतं."

आता मुद्द्याची गोष्ट. सगळे किल्ले बघितलेल्या काकांचा एक राहिला होता. तिथे होडीनेच जावं लागतं. शेवटच्या खेपेला दोघं गेले तेव्हा वाऱ्यामुळे होड्या बंद होत्या. धक्क्यावर बसून दोघांनी चहा प्यायला, किल्ला लांबून बघितला आणि रूथकाकू म्हणाल्या, "राहू द्या. पुढल्या साली." पुढल्या साली काकू नव्हत्या. त्याला आता पाच वर्षं झाली.

"मग तुम्ही एकटे का जात नाही?" हे मी त्यांना आमच्या सहलीचा सात नंबर भरताना विचारलं.

"दोनदा गेल्तो. एकट्या म्हाताऱ्या मानसाला खोली देत न्हाईत तिकडं. त्यांना वाटतं जीव द्यायला आला. मी म्हन्लं, बाबा, मी पानी मोजायला आलोय. तर मालक जास्तच घाबरला."

मी हसले. काकाही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या गाडीत एक शीट रिकामं हाय का, ताई?"

गाडी तेरा सीटची आणि आम्ही आठ. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मी नाही म्हणाले नाही. एवढंच माझ्या बाजूने लिहिता येण्यासारखं आहे.

मला नीटनेटकं काम आवडतं. वेळेवर निघावं, वेळेवर जेवावं, बघायचं ते बघून परत यावं. काकांना घेऊन असं काही होत नाही. पहिल्याच किनाऱ्यावर त्यांनी खात्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले, पाण्यात शिरून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरून टाकलं आणि काठावरच्या सगळ्या पर्यटकांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मीठ मागच्या वेळंपेक्षा कमी हाय." जेवणाच्या ठिकाणी मालकिणीला विहीर दाखवायला लावली आणि पंप चुकीच्या जागी बसवलाय हे पटवून दिलं. आमची सोलकढी तोवर तशीच. शेवंता, आमच्या गटाची खजिनदार, म्हणाली, "सुनंदाताई, यांना कशाला आनलं वो? आपुन समुद्र बघायला आलो का तपासायला?"

मला लाज वाटायला लागली ती तिथून. लाजेचं एक असतं. ती आधी दुसऱ्याची वाटते.

आम्ही उतरलो होतो त्या घरात दोन न्हाण्या होत्या, त्यातली एक आम्हाला, आणि अंगणात पुण्याची दोन कुटुंबं पोहे खात बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा बायकांची आंघोळीसाठी झुंबड होऊ नये म्हणून काकांनी न मागता पाळ्या लावून दिल्या. हातात घड्याळ घेऊन ते अंगणात उभे राहिले. शेवंताबाई सात वीस ते सात तीस. मंगलबाई सात तीस ते सात चाळीस. माझा नंबर आला तेव्हा मी फाटकाजवळ ड्रायव्हरशी बोलत होते. काकांनी तिथूनच हाक दिली, "सुनंदाताई, तुमची पाळी चुकली."

पोह्यांचे चमचे थांबले.

मी ऐकलं नाही असं समजून काका आणखी मोठ्याने म्हणाले, "पाळी चुकली तुमची, ताई. आता सगळ्यांचं झाल्यावर बघू."

माझं वय चौपन्न. पोहे खाणाऱ्या एका बाईने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं आणि तिच्या मनात जुळवाजुळव सुरू झालेली मला फाटकाजवळूनही दिसली. आमच्या बायका आत तोंडात पदर कोंबून हसत होत्या. कालव्याच्या माणसाचा शब्द आहे, पाणीपाळी म्हणायचंय त्यांना, असं त्या बाईला जाऊन सांगावं तरी कसं? मी आंघोळ न करता गाडीत जाऊन बसले.

ही माझी सबब नाही. पण तासाभराने आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा मी कशी होते, ते कळावं म्हणून सांगितलं.

किल्ल्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या कोणाचा त्यात काही दोष नाही. सुट्टीची गर्दी होती, रांग लांब होती. आमचा नंबर लागला तेव्हा गटाच्या बायका होडीच्या पार पुढच्या टोकाला जाऊन फोटो काढायला जागा धरून बसल्या. मी तिकिटं दाखवायला मागे थांबले. माझ्यानंतर काका चढले. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात गाठी मारलेली दोरी. कधी नव्हे ते काही बोलत नव्हते. किल्ल्याकडे बघत होते.

होडी सुटायच्या आधीच गाईडने सुरुवात केली. किल्ला किती एकर, तोफा किती, आणि समुद्राखालून किनाऱ्यापर्यंत एक गुप्त भुयार.

"भुयार?" काका म्हणाले. "समुद्राच्या खालून?"

"होय आजोबा."

"मंग गळती किती हाय त्याला?"

लोक हसले. गाईडही हसला आणि पुढे सांगू लागला. काका थांबले नाहीत. "न्हाई, मी पाटबंधारेचा मानूस हाय म्हनून इचारतो. आमच्या पाटाला सिमेंटचं अस्तर केलं, तरी पाझर थांबला न्हाई. अन् तुमी समुद्राखालून कोरडं भुयार काढता? पंप कुठं बसवला व्हता?"

आता अर्धी होडी खदखदून हसत होती. गाईडचा चेहरा पडला. सकाळची ती पुण्याची बाई याच होडीत होती आणि माझ्याकडेच बघत होती. नावाड्याने इंजिनावरचा हात काढला आणि मला विचारलं, कारण तिकिटं माझ्या हातात होती, "बाई, हे तुमच्यातले काय? त्यांना जरा गप्प बसवा. नाहीतर मागच्या होडीने येऊ देत."

मी म्हणाले, "नाही. हे आमच्यातले नाहीत."

मला 'आमच्या ग्रुपमधले' म्हणायचं होतं. नावाड्यानेही तेच विचारलं होतं. पण मी नेवासे तालुक्यातली आहे आणि काकाही. आमच्याकडे 'आमच्यातले' कोण आणि कोण नाहीत, हे होडीच्या तिकिटावरून ठरत नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रांगेत उभ्या माणसाला खिडकी बंद झालेली दिसावी तसं. मग ते नावाड्याला म्हणाले, "येतो मागच्या होडीनं," आणि रबरी बूट सांभाळत उतरले.

किल्ल्यात आम्ही दीड तास होतो. तोफा बघितल्या, बुरुजावर फोटो काढले. टाकंही बघितलं. मोठं, दगडी, हिरव्या पाण्याचं. बायका काठावर उभ्या राहिल्या आणि शेवंता म्हणाली, "एवढंच व्हय?" ते एवढंच का नाही, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. शेवंताने काकांची चौकशी केली. मी म्हणाले, मागच्या होडीने येतील. मला तसं वाटतही होतं. आम्ही परत धक्क्यावर आलो तेव्हा काका रांगेतच उभे होते. उतरल्यावर त्यांना पार शेवटी जाऊन उभं राहावं लागलं होतं. पुढे अजून तीसेक माणसं होती.

थांबता आलं असतं. तासभर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण माझ्या कागदावर एक वाजता निघायचं लिहिलेलं होतं, काकांच्याच अक्षरात. मी म्हणाले, "काका, उशीर होतोय."

ते लगेच रांगेतून बाहेर आले. "चला," म्हणाले. "पाळी हुकली की पुढच्या आवर्तनापत्तुर थांबायचं. नियम हाय."

गाडीत शेवंताने विचारलं, "काका, तुमी कसे ऱ्हायले वो मागं?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते.

"मी धक्क्याजवळची विहीर बघत बसलो," काका म्हणाले. "होडी सुटली."

सगळ्या बायका इतक्या हसल्या की ड्रायव्हरने आरशात बघितलं. सगळ्या गावाला समुद्राचं वेळापत्रक सांगणाऱ्या माणसाची होडी चुकली. मी काही बोलले नाही. उरलेला सगळा प्रवास काही बोलले नाही.

मंगळवारी संध्याकाळी, वाळू आणि धुणं आवरल्यावर, मी फिल्टरच्या पाण्याला गेले. ग्रामपंचायतीच्या फिल्टरवर सकाळ-संध्याकाळ बायकांची जार घेऊन रांग असते आणि गावाच्या बातम्या तिथेच भरल्या जातात. शेवंता सगळ्यांना सांगत होती. तिने काकांच्या बुटांची चाल करून दाखवली. कोणीतरी म्हणालं, त्यांच्या फळ्यावर पोरांनी खाली लिहून ठेवलंय : 'होडी सुटली, काका ऱ्हायले'. आणि काकांनी ते पुसलेलं नाही. शेवंता माझ्याकडे वळली. "व्हय ना वो, सुनंदाताई? विहीर बघत बसले ना?"

माझा जार भरला होता. मी झाकण लावलं आणि म्हणाले, "हो. तसंच काहीतरी."

घरी आले तर काका ओट्यावर बसलेले होते. मांडीवर वही. रूथकाकूंचं अक्षर असलेली, मागची पानं कोरी. मी चहा टाकू का विचारलं, ते नको म्हणाले.

"टाकं बघितलं ना, ताई?"

"बघितलं."

"पायऱ्या किती उघड्या व्हत्या?"

मी आठवू लागले. मला शेवंताचा फोटो काढताना पदर सारखा करणं आठवलं. पायऱ्या आठवल्या नाहीत.

"पानी काठापासून किती खाली? अंदाजानं. मानूसभर? दोन मानूस?"

"हिरवं होतं," मी म्हणाले.

ते पेन हातात धरून थोडं थांबले, पण लिहिलं काही नाही. "जानेवारीत हिरवं म्हंजी जिवंत झरा कमी," असं स्वतःशीच म्हणाले आणि वही मिटली.

"काका," मी म्हणाले, "होडीवर मी त्या माणसाला जे बोलले..."

त्यांनी हात वर केला. कालव्यावर पाणी बंद करायची खूण करतात तसा. "आमच्या पवित्र शास्त्रात पेत्र म्हनून हाय. प्रभूचा खास मानूस. त्यानं प्रभूला वळखत न्हाई म्हन्लं. एकदा न्हाई, तीनदा. तरी प्रभूनं मंडळी, म्हंजी अख्खं चर्च, त्याच्याच हवाली केली. तुमी तर एकदाच म्हन्लं. लई झालं का?"

आणि हसले. मला हसता आलं नाही, कारण गाडीतलं माझं गप्प बसणं त्यांनी मोजलं नव्हतं आणि फिल्टर त्यांना माहीत नव्हतं. मी मनात मोजलं. तीन भरत होते.

"मला ग्रुपमधले नाहीत असं म्हणायचं होतं," मी म्हणाले.

"ठाऊक हाय की. तो नावाडी ग्रुपचंच इचारत व्हता." ते उठले, वही काखेत घेतली. "माझ्या कानाला जुनी सवय हाय, ताई. त्याला दुसरंच ऐकू आलं. कानाचा दोस हाय तो. तुमी नका मनाला लावून घेऊ."

"पण तुम्ही बायकांना खोटं का सांगितलं? विहीर बघत बसलो म्हणून?"

"मंग काय सांगायचं?" ते पायरी उतरत म्हणाले. "तुमाला त्यांच्यात ऱ्हायचं हाय."

ते गेल्यावर मी स्वयंपाक केला, भांडी घासली, वाळलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या. एका घडीतून पुन्हा वाळू पडली. ती झाडून घेतली. सगळी कामं झाली. मला ग्रुपच म्हणायचं होतं, हे मी स्वतःला तोवर इतक्या वेळा सांगितलं होतं की ते खरं असतं तर एकदाच सांगून भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी फिल्टरवर गेले, जार न घेता. रांगेत नऊ-दहा बायका होत्या. शेवंता सर्वांत पुढे. मी म्हणाले, "काका विहीर बघत बसले नव्हते. होडीत चढले होते. मी त्यांना उतरवलं."

शेवंताला वाटलं मी गंमत करते आहे. "तुमी? काय म्हन्ल्या काय त्यांना?"

"त्यांना नाही म्हणाले. नावाड्याने विचारलं, हे तुमच्यातले का. मी म्हणाले, नाही. हे आमच्यातले नाहीत."

रांगेत चर्चमागच्या गल्लीतल्याही दोघी होत्या. हेच शब्द होडीत म्हटले होते, तिथे इंजिनाचा आवाज होता. फिल्टरवर ते मला स्वतःलाही नीट ऐकू आले. शेवंताचा जार भरून वाहायला लागला तेव्हा तिने वाकून तोटी बंद केली, आणि जार उचलायचा सोडून तशीच उभी राहिली.

"अन् मी त्यांची चाल करून दाखवली," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "यंदा होड्या कवापत्तुर चालू असत्यात तिकडं?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "काकांना विचारावं लागेल."

आणि विचारायला गेले.